पासिंग किती?

घर भाड्याने मागायला आम्ही मलकापुरातल्या त्या गल्लीत गेलो, तेव्हा घरमालकांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, माणसं किती हेही विचारलं नाही. मला पायातल्या जोडव्यांपासून डोक्यातल्या गजऱ्यापर्यंत एकदा नीट पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "हिची पासिंग किती?"

मी नवी नवरी. मला वाटलं, शिक्षण विचारताहेत. मान वर करून ऐटीत सांगितलं, "मॅट्रिक. सेकंड क्लास."

"म्हंजे अर्धा टन," ते म्हणाले. "चालते. या आत."

गाडीने किती माल वाहायचा हे सरकार तिच्या कागदावर लिहून देतं, त्याला पासिंग म्हणतात. हे मला आमच्या ह्यांनी घरी आल्यावर समजावलं. ते स्वतः कापसाच्या जिनिंगच्या शेठकडे गाडीवर ड्रायव्हर होते, त्यामुळे समजावण्यापेक्षा हसण्यातच त्यांचा जास्त वेळ गेला. पुढे कित्येक वर्षं मी काही चुकीचं केलं की हे हळूच म्हणायचे, "सेकंड क्लास." मी त्यांना लाटण्याने मारलेलं नाही, एवढं माझ्या मॅट्रिकचं पुण्य.

घरमालकांना सगळी गल्ली काकाजी म्हणायची. उभा जन्म त्यांनी कापूसबाजारातल्या वजनकाट्यावर काढला होता. भरली गाडी चढवायची, वजन घ्यायचं. रिकामी चढवायची, वजन घ्यायचं. एकातून दुसरं वजा करायचं. यातून त्यांचं जे तत्त्वज्ञान तयार झालं होतं ते म्हणजे जगात सगळ्या गोष्टींना बारदाना असतो. म्हणजे पोतं, गोणपाट, जे मालाबरोबर मोजलं जातं पण माल नसतं. कोणी शेजारी येऊन घडाघडा गाऱ्हाणं सांगायला लागला की काकाजी हात वर करायचे, "थांब. बारदाना वजा करून सांग." शेजाऱ्याचं गाऱ्हाणं मग एका वाक्यात आटोपायचं, किंवा काहीच उरायचं नाही आणि तो चहा पिऊन जायचा.

नुसत्या नजरेने वजन सांगायची त्यांना भारी हौस. म्हैस, भोपळा, नवरदेव, सरपंच, कोणी सुटायचं नाही. एकदा मी आणलेल्या कोहळ्याचं वजन त्यांनी छातीठोक सांगितलं. किराणावाल्याकडे मोजलं तर निम्मं निघालं. मी विजयी मुद्रेने परत आले.

"त्याचा काटा खोटा हाय," काकाजी म्हणाले.

"काकाजी, तो सरकारी शिक्क्याचा आहे."

"ज्याच्यावर बैलगाडी चढत नाही, तो काटा कायचा व सूनबाई?" एवढं बोलून त्यांनी विचारलं, "आज भाजी कोणती हाय?"

हे त्यांचं दुसरं शस्त्र. वादात आपण हरतोय असं दिसलं की ते भाजी कोणती विचारायचे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी तिकडे लोणारकडे, बीबी गावात दिलेली. ती प्रत्येक सणाला निरोप पाठवायची, "बाबा, इकडेच या राहायला." काकाजी म्हणायचे, "तिकडं काटा नाही." आणि संध्याकाळी वाटी घेऊन आमच्या उंबऱ्यावर उभे. वाटीत भाजी पडली की वाटी तळहातावर हलकेच उडवून पाहायचे आणि म्हणायचे, "आज रस्सा जास्त, बटाटा कमी." आणि खात मात्र शेवटच्या थेंबापर्यंत.

घराला फाटक होतं पण दार नव्हतं. दोन दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत आडवा अडकवलेला एक बांबू. बांबूच्या एका टोकाला शेवग्याच्या शेंगा पाडायची आकडी बांधलेली होती. म्हणजे शेळ्या अडवायच्या तेव्हा तो फाटक, आणि सांबार करायचं तेव्हा तो आकडी. गल्लीतल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं, काकाजी, एक लोखंडी दार लावून घ्या, खांब थोडे सरकवा. काकाजी म्हणायचे, "खांब माह्या बापानं गाडले. थे आपल्या जागी बरे हायत."

तर आता गाडीकडे येते. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या शहाणपणाची ती गोष्ट आहे, आणि त्यात शहाणपण माझं कुठेच नाही.

आमच्या ह्यांचं शेठशी वाजलं. शेठ म्हणाला, "जाय बे. सरकीचा हंगाम संपायच्या आंधी वापस येशीन." आमचे हे उलट बोलणारे नव्हेत. गाडीची किल्ली त्यांनी शेठच्या गादीवर ठेवली आणि घरी आले. त्याच सुमाराला माझ्या वडलांनी मोताळ्याचं वावर विकून आम्हा बहिणींचे वाटे दिले होते. माझ्या वाट्याच्या पैशात एक जुनी गाडी येत होती. एकच. ती बरोबर निघाली तर आम्ही आमचे मालक. चुकली तर ह्यांना पुन्हा शेठच्या दारात जाऊन उभं राहायचं. आणि मला ते बघायचं.

धंदा ठरलेला होता, अर्जंट भाड्याचा. हंगामात जिनिंगचं यंत्र अडलं की त्याचा एखादा सुटा भाग आत्ताच्या आत्ता पाहिजे असतो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि मॅनेजर डोकं धरून बसलेला असतो. लग्नात पंगत बसायची वेळ आणि पत्रावळी कमी. मोटर जळाली, पिकाला पाणी नाही. असला एकच नग घेऊन पळणं मोठ्या ट्रकवाल्याला परवडत नाही आणि एसटीच्या टपावर तो वेळेत पोचत नाही. या मधल्या फटीत आमचं नशीब होतं.

गाडी कोणती घ्यावी यावर मलकापुरात ज्याने कधी सायकलही घेतली नव्हती त्यानेही सल्ला दिला. न्हावी म्हणाला, रंग लाल पाहिजे, उठून दिसते. भटजी म्हणाले, नंबरची बेरीज पाहा. माझा मोताळ्याचा भाऊ म्हणाला, हॉर्न ऐकून घे, बाकी सगळं गॅरेजवाला करतो. आणि मी? मी गाडीच्या आधी मागच्या फळीवर काय लिहायचं ते ठरवून मोकळी झाले होते: "मोताळ्याची लेक, मलकापूरची मालकीण". हे लिहायचं तर फळी लांब पाहिजे. फळी लांब तर गाडी मोठी पाहिजे. माझ्या विचारांची दिशा एवढी शास्त्रीय होती.

"सहाचाकी घ्यायची," मी ह्यांना सांगितलं.

"अर्जंट भाड्याले सहाचाकी?"

"मोठं घेतलं की मोठं भाडं येतं."

"मोठ्या भाड्याले लोक पयलेच हायत," हे म्हणाले आणि गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे होकार, असा अर्थ मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून लावत आले होते.

त्या संध्याकाळी काकाजी वाटी घेऊन आले, तेव्हा मी त्यांच्यासमोरही माझा महाल उभा केला. "मोठी गाडी या फाटकातून आत यायची नाही, काकाजी. आणि रस्त्यावर ठेवली तर स्टेपनी आणि बॅटरी कोण राखणार? मग हायवेला खोल्या घेऊ. तिथं पुढं ही एवढी मोकळी जागा."

काकाजींनी वाटी उडवून पाहिली नाही. "बरं," एवढंच म्हणाले आणि वाटी तशीच घेऊन गेले. मला वाटलं, माझ्या प्रगतीने दिपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीबाजारात निघालो तर काकाजी फाटकातला बांबू काढून, खांद्यावर टाकून तयार. आकडीसकट.

"हे काय, काकाजी? शेंगा पाडायच्या का तिथं?"

"गाडी मोजा लागते," ते म्हणाले.

मी मात्र लग्नातला शालू नेसले होते, गळ्यात ठुशी, हातात पाटल्या, नाकात नथ. का? गाडी घ्यायला मालकीण येते आहे हे गाडीलाही कळायला नको का? ऊन असं होतं की नथीचे मोती तापून ओठाला चटके देत होते. तरी मी हसतमुख.

गाडीबाजारात काकाजींनी प्रत्येक गाडीच्या तोंडासमोर बांबू आडवा धरायला सुरुवात केली. लोक जमले. दलाल म्हणाला, "बाबाजी, हे काय करून राह्यले?"

"गाडीचा चेहरा पाहून राह्यलो. चेहरा बांबूच्या बाहेर गेला तं गाडी गर्विष्ठ असते."

दलालाने बत्तीस वर्षं गाड्या विकल्या असतील, पण गर्विष्ठ गाडी त्याने पहिल्यांदा ऐकली. मी लाजेने शालूत बुडाले.

आणि मग मला ती दिसली. सहाचाकी. कपाळावर पितळी पत्रे, दारांवर मोर, आरशांना गोंडे, पुढे हत्तीला अडवील असा लोखंडी गज, केबिनला कोरीव लाकडाचं छत. मागची फळी तर अशी लांब, की माझी ओळ लिहून वर एक कमळ बसलं असतं. मी तिच्याकडे अशी बघत राहिले, की ह्यांनी तसं मला कधी बघितलं नव्हतं.

काकाजींनी बांबू धरला. गाडी दोन्हीकडून बाहेर. "गर्विष्ठ," ते म्हणाले. मग दलालाला म्हणाले, "रिकामी काट्यावर घे."

"रिकामी काऊन, बाबाजी? भरून पाहा ना, कशी ओढते थे."

"भरून तं कोणीबी पाह्यते. रिकामी किती भरते थे पाहू दे."

काटा बाजारालगतच होता, काकाजींचाच जुना. तिथल्या माणसाने उठून त्यांना खुर्ची दिली. गाडी चढली, वजन आलं. काकाजींनी ते कागदावरच्या वजनाशी ताडून पाहिलं आणि डोळे मिटले.

"डायवर," ते ह्यांना म्हणाले, "इतकं लोखंड ठोकलं हाय का, ही गाडी अर्धी पासिंग आपल्याच दागिन्याले देते. ही बाई दुसऱ्याचा माल काय वाहीन? ही स्वतःचंच भाडं करून राह्यली."

हे इतक्या गंभीरपणे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठुशीकडे, पाटल्यांकडे, नथीकडे. काट्यावरचा माणूस हसला, दलाल हसला, आणि नथ सांभाळत मी जाहीर केलं, "हीच घ्यायची."

आता वाटतं, तेव्हाच त्या काट्यावर मला कोणी चढवून बारदाना वजा करून पाहायला पाहिजे होतं. मागे मॅट्रिक सेकंड क्लास उरली असती.

दलाल म्हणाला, ट्रायलला न्या दिवसभर, डिझेल तुमचं. योग असा, की त्याच दुपारी ह्यांच्या ओळखीच्या एका मॅनेजरचा पानटपरीवरच्या फोनवर निरोप आला. मोताळ्याच्या जिनिंगमधलं बेअरिंग गेलंय, मलकापूरहून नवं घेऊन या, यंत्र बंद आहे, शेतकरी शिव्या घालून राह्यले. पहिलंच अर्जंट भाडं! आणि तेही माझ्या माहेरी!

गोणपाटात बांधलेलं बेअरिंग एवढ्या मोठ्या गाडीत मागे कुठे ठेवायचं तेच कळेना. मंगल कार्यालयात एकच पाहुणा यावा तसं ते मधोमध बसलं होतं. केबिनमध्ये हे, मी आणि दोन पायांमध्ये बांबू धरून काकाजी. बांबूचं टोक खिडकीबाहेर.

मोताळा जवळ आला तेव्हा हे म्हणाले, "मागच्या रस्त्यानं घेतो. आज बाजार हाय."

"बाजारातून घ्या," मी म्हणाले.

"अवो, गाडी जाईन काय त्या गर्दीतून?"

"बाजारातूनच घ्या." माहेरच्या गावी, बाजाराच्या दिवशी, मोरांच्या गाडीत बसून मी मागच्या रस्त्याने जायचं? मग शालू कशाला नेसले?

मला वाटलं, आता काकाजी अडवतील. ते म्हणाले, "घ्या, डायवर, घ्या. सूनबाई म्हणते तं बाजारातूनच घ्या."

बाजाराच्या पहिल्या वळणाला डावीकडे कांद्याचे ढीग, उजवीकडे बांगडीवाली, समोर बैलगाडी आणि मागे पुन्हा एक बैलगाडी. गाडी पुढे जाईना, मागे येईना. लोखंडी गजात एका मिरचीवालीची ताडपत्री अडकली. तिने जे तोंड सोडलं ते मी इथे लिहीत नाही. बारदाना वजा केला तरी उरलेलं लिहिण्यासारखं नाही. सगळा बाजार गोळा झाला. भाजीवाली सखूबाई, जिच्याकडून मी लहानपणी फुकट गाजरं खाल्ली, ती खालून ओरडली, "काऊन वं पोरी? मालकीण झाली म्हणे तू! खाली उतर ना, का वरतीच भाजी देऊ?"

तिकडे यंत्र बंद. हे गाडी सोडून जाऊ शकत नव्हते. सोडली असती तर मिरचीवालीने पेटवली असती. हे नुसते स्टिअरिंग धरून माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत शेठचं दार मला स्पष्ट दिसलं.

मी खाली उतरले. शालूच्या पदराची चुंबळ केली, सखूबाईला म्हटलं, "मावशी, हात लाव," आणि बेअरिंग डोक्यावर घेतलं. शेतकऱ्याची पोर होते. मॅट्रिकच्या आधी मी बरंच काही डोक्यावरून वाहिलेलं होतं. नथ काढून कनवटीला लावली. पुढे काकाजी बांबू आडवा धरून गर्दी हटवत निघाले, "साइड! साइड! अर्जंट भाडं!" मागे शालूतली मी, मान ताठ, गालावर काजळ ओघळलेलं. माझ्या माहेरच्या अख्ख्या गावाने मला पाहावं ही माझी इच्छा अशी पूर्ण झाली.

जिनिंगच्या दारात मॅनेजर धावत आला. "आणलं? गाडी कुठी हाय?"

"ही काय," काकाजी माझ्याकडे बोट करून म्हणाले. "दोन पायाची. पासिंग चांगली हाय. फक्त हॉर्न लय वाजते."

मॅनेजर इतका हसला, की बेअरिंग उतरवून घ्यायला विसरला. मीच ओरडले तेव्हा माणसं आली. यंत्र सुरू झालं. जाताना तो म्हणाला, "वयनी, हंगामाचं सारं अर्जंट भाडं तुमालेच देतो. पन गाडी लहान घ्या हो. दरवेळी शालू कुठून आणाल?"

सहाचाकी संध्याकाळी दलालाला परत गेली. आम्ही घेतली ती लहानशी पिकअप, धुळकट पांढरी, ना मोर ना गोंडे. काकाजींनी तिच्या तोंडासमोर बांबू धरला. दोन्ही बाजूंनी वीतभर बांबू उरला. "गुणाची हाय," ते म्हणाले. पेंटरने मागची फळी मोजली आणि सांगितलं, ताई, अर्धीच ओळ बसते. तेव्हापासून आमच्या गाडीवर नुसतं "मोताळ्याची लेक" आहे. काकाजी म्हणाले, "बरं झालं. बाकीचं ओव्हरलोड होतं."

ती गाडी आम्हाला लाभली. हे शेठच्या दारात परत गेले नाहीत. एकदाच गेले, शेठचं यंत्र अडलं तेव्हा, भाडं घेऊन. शेठने स्वतः चहा मागवला. ती पिकअप रोज फाटकातून आत यायची, शेवग्याखाली उभी राहायची, काकाजी बांबू अडकवायचे आणि वाटी घेऊन उंबऱ्यावर यायचे.

पुढे त्यांचे गुडघे गेले, मग डोळे. मुलगी बीबीहून न्यायला आली आणि या वेळी काकाजींना "तिकडं काटा नाही" म्हणता आलं नाही. घर त्यांनी आम्हालाच दिलं. त्यांचं सामान पिकअपमध्ये भरलं तर निम्मी गाडी रिकामीच. मी म्हटलं, "काकाजी, एवढंच?"

"बाकी बारदाना होता," ते म्हणाले.

त्यांना पुढे ह्यांच्या शेजारी बसवलं. मी फाटकातला बांबू काढून बाजूला उभी राहिले. गाडी हळूहळू दोन खांबांमधून निघाली, तशी काकाजींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि खांब आणि गाडी यांच्या मधल्या फटीत घातला. वीत बरोबर बसली.

मी हातातल्या बांबूकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. एवढी वर्षं रोज तो बांबू डोळ्यांसमोर आडवा होत होता, आणि गर्विष्ठ गाडी म्हणजे काय ते मला आत्ता कळत होतं. सेकंड क्लास म्हणतात ते उगाच नाही.

"काकाजी!" मी खिडकीशी पळत गेले. "तुम्ही गाडीचा चेहरा नाही, फाटक मोजत होते!"

त्यांनी हात आत घेतला.

"अन् त्या दिवशी बाजारातून घ्या म्हणाले, तेपण मुद्दाम?"

"डायवर," काकाजी म्हणाले, "उशीर होते."

"काकाजी, खांब सरकवता आले असते की! आम्ही मोठी गाडी आत घेतली असती."

आता त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. त्यांना मी नीट दिसत नव्हते, तरी नेहमीसारखं वरपासून खालपर्यंत मोजलं. "सरकवले असते, तं तुमी त्याच्याहून मोठी घेतली असती, सूनबाई. तुमाले मी वळखत नाई काय?" मग घसा खाकरून म्हणाले, "बीबीले भाजी कोणती करतात, कोणाले ठाऊक."

मी स्वयंपाकघरात जाऊन डब्यात भरली वांगी भरून आणली. त्यांनी डबा तळहातावर हलकेच उडवून पाहिला. पहिल्यांदाच वजन सांगितलं नाही.

आता मी आजी आहे. धंदा मुलगा बघतो. त्याला मोठी गाडी घ्यायची आहे आणि हायवेला प्लॉट बघून ठेवलाय. "आई, फाटक तरी रुंद करू दे, मग इथंच राहू," असंही तो म्हणाला. मी त्याला पासिंग समजावते, रिकाम्या गाडीचं वजन समजावते, दागिने घातलेल्या गाडीची गोष्ट सांगते. मोठं फाटक केलं तर तो मोठी गाडी घेईल, मग त्याहून मोठी, मग प्लॉट. त्याला मी चांगली ओळखते. पोर माझंच आहे. गाडीबाजारात तो निघाला की मी बांबू घेऊन बरोबर जाते. लोक हसतात. हसू देत.

परवा नात फाटकाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी खाचांत बांबू अडकवत होते.

"आजी," ती म्हणाली, "हे फाटक तू मोठं काऊन करू देत नाही? खरं सांग. बारदाना वजा करून सांग."

मी बांबू नीट बसला का ते दोनदा पाहिलं.

"तुझ्या आईले विचार बरं," मी म्हटलं, "आज भाजी कोणती हाय?"